आर. के. नगरातलं पहिलं घर आणि नवी नोकरी: नऊ महिन्यांनंतर

गेल्या जुलैत मी कोल्हापूरच्या आर. के. नगरात स्वतःच्या घरी राहायला आले. त्याच्या महिनाभर आधी गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, क्वालिटी विभागात रुजू झाले होते. म्हणजे पहिलं घर आणि नवी नोकरी दोन्ही एकाच पावसाळ्यात. घर शोधताना मी लोकांचे बरेच अनुभव वाचले, पण बहुतेक किल्ली हातात आल्याच्या आठवड्यातले होते. कोल्हापुरात पावसाळा न बघितलेल्या घराबद्दल काय सांगणार? म्हणून थांबले. आता पाऊस, थंडी आणि एप्रिलचं ऊन बघून झालंय, तेव्हा लिहिते.

घर असं आहे: रिसेलचा वन बीएचके, कार्पेट 460 चौरस फूट. इमारत नऊ वर्षांची, तीन मजली, लिफ्ट नाही, आणि माझा फ्लॅट सगळ्यात वरचा. किंमत 26 लाख.

जागा कशी ठरली ते आधी सांगते, कारण नऊ महिन्यांनंतर सगळ्यात जास्त समाधान त्याच गोष्टीचं आहे. पुण्यातली चार वर्षांची नोकरी सोडून परत यायचं ठरलं तेव्हा हातात दोन ऑफर होत्या, एक पंचगंगेपलीकडच्या शिरोली एमआयडीसीची आणि एक गोकुळ शिरगावची. शिरोलीची महिन्याला तीन हजारांनी जास्त होती. घर मात्र शहराच्या बाजूलाच बघायचं होतं, कारण पुढेमागे आई-बाबा गडहिंग्लजहून इकडे येणार. बाबा एवढंच म्हणाले, "नदीच्या अल्याड घर आन् पल्याड नोकरी नको." 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि रस्ता बंद पडला, हे त्यांना पक्कं आठवत होतं. आमच्या लॅबमधले एक दादा तेव्हा शिरोलीला होते. ते सांगतात, कंपनी सुरू होती, घर सुखरूप होतं, पण मधे पंचगंगा होती. मी गोकुळ शिरगावची ऑफर घेतली. घरून स्कूटरवर वीस मिनिटं लागतात आणि वाटेत नदी नाही.

नागाळा पार्कातला एक फ्लॅट मला मनापासून आवडला होता. लिफ्ट, ऐसपैस गॅलरी, किंमत जवळपास तीच. पण दोन्ही महापुरांत त्या भागात पाणी शिरलं होतं. शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळी, व्हीनस कॉर्नर ही नावं तर कोल्हापुरात प्रत्येकाला पाठ आहेत. तुम्हीही बघत असाल तर टोकन देण्याआधी जागा पूररेषेच्या नकाशात कुठे येते ते बघा. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असा हिशेब असतो. आणि फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. खाली पाणी आलं की गाडी, मीटर आणि पाण्याची मोटर तिघांचाही खेळ संपतो. गेल्या पावसाळ्यात मी रोज सकाळी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायचे. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. बघायचे आणि कामाला निघायचे. त्या निघण्यात जी निश्चिंती होती, तिच्यापुढे महिन्याचे तीन हजार मला कमी वाटतात.

आता कर्ज. इथे माझी चूक झाली, म्हणून सविस्तर लिहिते. अर्ज मी पुण्यातल्या नोकरीच्या पगारपत्रकांवर केला. मंजुरी आली आणि मग मी राजीनामा दिला. नोकरी बदलतेय हे बँकेला सांगितलं, तर त्यांनी पैसे सोडणं थांबवलं. नवं नियुक्तिपत्र आणा, पहिली पगार स्लिप आणा, मग बघू. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, पण तिकडे घर विकणारे काका मुदतीवर अडून बसले होते. पाच आठवडे मी राजारामपुरीत पीजीवर राहिले आणि रोज दोन माणसांची समजूत काढत राहिले. दिवसभर नवीन कामाच्या ठिकाणी नावं, मशीन, माणसं लक्षात ठेवायची आणि जेवणाच्या सुट्टीत बँकेला फोन. तो महिना मला कुणावर यावा असं वाटत नाही. नोकरी बदलणार हे नक्की असेल तर अर्जाच्या दिवशीच बँकेला सांगा, आणि साठेखतात, म्हणजे खरेदीआधीच्या करारात, मुदत घालताना दोन महिने जास्तीचे धरा. लपवू तर अजिबात नका. कर्ज वीस वर्षांचं आहे, त्याची सुरुवात खोट्यानं नको.

दस्त माझ्या एकटीच्या नावावर केला. भावजींचं म्हणणं होतं, बाबांचं नाव बरोबर लावू. पण महाराष्ट्रात 2021 पासून घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, आणि पुरुषाचं नाव आलं की ती जाते. 26 लाखांवर एक टक्का म्हणजे 26 हजार. नोंदणी शुल्क एक टक्का, पण 30 हजारांच्या वर जात नाही. रिसेल असल्यामुळे जीएसटी नव्हता. बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला असता तर तोही आला असता. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे पैसे कर्जातून मिळतील अशा समजात राहू नका, ते खिशातून जातात. विकणाऱ्याकडून घरफाळा आणि लाइट बिल भरल्याच्या पावत्या, सोसायटीचं ना हरकत पत्र आणि इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र मात्र आधी मागून घ्या. आमच्या विकणाऱ्या काकांनी ते सगळं एका फाइलमध्ये लावून ठेवलं होतं, त्याबद्दल त्यांचे आभार मानते.

किल्ली मिळाली ती ऐन आषाढात. आईचा जीव वरखाली. "आषाढात कोण घरात शिरतंय व्हय?" चातुर्मासात वास्तुशांत करत नाहीत, आणि पीजीचं भाडं तर चालू. शेवटी गुरुजींनी सांगितलं, नुसतं राहायला जा, दूध उतू घाला, वास्तुशांत तुळशीच्या लग्नानंतर करू. आई आणि मी भर पावसात एक गादी, गॅस, दोन पातेली आणि देव घेऊन आलो. दूध उतू जाताना आई रडली. तिच्या माहेरी किंवा सासरी बाईच्या नावावर घर नव्हतं. मला त्या दिवसाचं एवढंच आठवतंय, आणि पावसाचा आवाज.

सामान हळूहळू घेतलं. पलंग दिवाळीत आला, फ्रिज पाडव्याला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

नोकरी आणि घर यांचा संबंध रोज किती लागतो, हे राहिल्यावर कळलं. पहिले तीन महिने मला शिफ्टमध्ये ठेवलं होतं, एक आठवडा सात ते तीन, एक आठवडा तीन ते अकरा. रात्री साडेअकराला येऊन तीन मजले चढायचे. फाउंड्रीतून आलं की केसात, कानात, बुटात काळी वाळू असते. म्हणून आंघोळीला पाणी हवंच, आणि आमच्याकडे टाकी भरते सकाळी सहाला. शेजारच्या काकूंनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, "पोरी, दोन पिंपं भरून ठेवत जा, रात्रीच्याला नळावर इसंबू नको." ती दोन पिंपं ही या घरातली माझी सगळ्यात उपयोगी खरेदी. सकाळच्या शिफ्टच्या आठवड्यात पिंपं काकूच भरायच्या. घर बघायला याल तेव्हा आपण ज्या वेळेला कामावरून येणार त्या वेळेला एकदा या. मी दुपारी बारा वाजता बघितलं होतं. तेव्हा नळाला पाणी होतं आणि जिन्यात उजेड होता.

आमची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते. बँक, महावितरण, घरफाळ्याचं नाव बदलणं, सगळं सोमवारी होऊन गेलं, एकही रजा गेली नाही. सोसायटीची मीटिंग मात्र रविवारी असते आणि ती माझी दरवेळी चुकते.

आता या घराचा खरा दोष: बेडरूमची पश्चिमेची भिंत. इथला पाऊस वाऱ्याबरोबर नैर्ऋत्येकडून येतो आणि ती भिंत तो सगळा अंगावर घेते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोपऱ्यात हाताएवढा डाग दिसला. महिनाअखेर तो खिडकीच्या चौकटीपर्यंत आला. कामावर माझा दिवस ओल मोजण्यात जातो. साच्याच्या वाळूत ओलावा तीन-चार टक्क्यांच्या आसपास ठेवावा लागतो. जास्त झाला की ओतताना वाफ होते, कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, ब्लो होल (वाफेनं पडलेली पोकळ भोकं) येतात आणि माल रिजेक्ट. पावसाळ्यात दर तासाला सँपल. आणि घरी आलं की स्वतःचीच भिंत ओली. तीच सवय घरी लावली. दर चार दिवसांनी ओलीच्या कडेला पेन्सिलीनं रेघ ओढायची आणि तारीख लिहायची.

त्या रेघांचा उपयोग झाला. मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी रेघ सरकायची, उघडीप पडली की थांबायची. म्हणजे नळाची गळती नव्हे, पाणी बाहेरून. आणि डाग वरून खाली येत होता, म्हणजे वाट गच्चीच्या कठड्याजवळून. एका पेंटरनं आतून ओलरोधक रंग मारून देतो म्हणून 11 हजार सांगितले. मी नको म्हटलं. पाणी बाहेरून येत असताना आतून रंग मारला तर तो वर्षभरात फुगून सुटतो. नोव्हेंबरपर्यंत भिंत वाळू दिली, मग झुला लावून बाहेरच्या भेगा भरून घेतल्या, 14 हजार गेले. गच्चीचा उतार मोरीकडे नाही, तो दुरुस्त करायला हवा. ते काम सोसायटीचं. पाच महिने पाठपुरावा केला. मीटिंगला जाता येत नाही म्हणून तारखांसकट भिंतीचे फोटो पाठवत राहिले. बारा घरांनी प्रत्येकी साडेनऊ हजार द्यायचं ठरलंय, मेच्या पहिल्या आठवड्यात काम सुरू होतंय.

पैशांचं थोडक्यात. कर्ज 21 लाख, हप्ता 18,200 च्या आसपास, हातात पगार 41 हजार. जड आहे. प्रोबेशन सहा महिन्यांचं होतं, म्हणून चार हप्ते बाजूला काढून ठेवले होते. कायम झाल्याचं पत्र मिळेपर्यंत त्यांना हात लावला नाही, तेवढ्या जिवावर झोप लागायची. घरकर्जानं टॅक्स वाचतो असं मला तिघांनी सांगितलं होतं. माझ्या पगाराला त्याचा काही उपयोग नाही. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तसाही कर लागत नाही, आणि राहत्या घराच्या व्याजाची वजावट फक्त जुन्या प्रणालीत मिळते. तुमचा हिशेब तुमच्या पगारावर करा.

आई आता महिन्यातून आठवडाभर येऊन राहते. संध्याकाळी काकूंबरोबर गच्चीवर जाते, तिथून तिला जोतिबाचा डोंगर दिसतो.

बेडरूमची ती भिंत अजून रंगवलेली नाही. एक पावसाळा जाऊ द्या, असं काम करणाऱ्या मिस्त्रींनी सांगितलंय, त्यामुळे पेन्सिलीच्या रेघा तशाच आहेत. सगळ्यात खालची 28 ऑगस्टची, खिडकीच्या चौकटीला लागून. यंदा ओल येते का, आणि आली तर कुठल्या रेघेवर थांबते, ते ऑक्टोबरात इथेच लिहीन.