मिसळीवर काय प्यावं: कोल्ड्रिंक, झीरो की ताक?

कोल्ड्रिंक सोडायचं म्हटलं की बहुतेक जण आधी झीरोकडे, म्हणजे बिनसाखरेच्या कोलाकडे वळतात. मीही वळलो होतो. कोल्हापुरात खाणं झणझणीत, त्यामुळे वर काहीतरी गार लागतंच.

साखरेचा हिशेब आता सगळ्यांना पाठ आहे. ३०० मिली कोलात तीसेक ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवलेली कडक मर्यादा दिवसाला साधारण २५ ग्रॅमची, म्हणजे एका बाटलीतच ती संपली. शिवाय प्यालेल्या साखरेने पोट भरत नाही, जेवण तेवढंच जातं. हे रोजचं झालं की वजन, टाइप २ मधुमेह, फॅटी लिव्हर यांचा धोका वाढतो. इथे झीरो सरळ पुढे आहे. मधुमेह असलेल्याला कोलाच हवा असेल, तर झीरो घे असंच मी सांगेन. फक्त त्याने वजन उतरेल ही आशा नको. २०२३ मध्ये याच संघटनेने वजन आटोक्यात ठेवायला झीरोत साखरेऐवजी असतात तसे गोड पर्याय वापरू नका, असं सुचवलं आहे.

माझं घोडं अडलं ते दातांपाशी. तिखट कटावर गार कोला घेतला की पुढचे दात आंबायचे, जीभ फिरवली की खरखरीत लागायचे. झीरो सुरू केल्यावर हे थांबेल असं वाटलं होतं. थांबलं नाही. साखर गेली तरी फॉस्फोरिक आम्ल तसंच राहतं. कोलाचा पीएच (जितका कमी तितकं आम्ल जास्त) अडीचच्या आसपास असतो आणि दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, साडेपाचच्या खाली विरघळू लागतं. झीरोने कीड कमी होईल, झीज होतच राहते. त्यात घोट-घोट घेत तासभर बाटली पुरवायची सवय असेल, तर दातांना सावरायला उसंतच मिळत नाही.

म्हणून मी ताकावर आलो. ताकही आंबटच की, असं कुणी म्हणेल. खरंय, पण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं, त्यामुळे एनॅमल तसं झिजत नाही. आणि तिखटाचं म्हणाल तर कोलाच्या बुडबुड्यांनी जीभ आणखी चुरचुरते. ताकातलं केसीन हे दुधाचं प्रथिन मिरचीची आग धुऊन नेतं. मला तरी दोन घोटांतच फरक पडतो. रक्तदाब असेल तर मीठ घालू नका, जिरेपूड पुरते. उन्हाळ्यात डब्याबरोबर नेलेलं ताक दुपारपर्यंत फार आंबतं, ही अडचण मात्र आहे.

उसाच्या जिल्ह्यात राहून लिहायला जड जातं, पण रस हा पर्याय मी धरलेला नाही. त्यात साखर कोलापेक्षा कमी नसते.

लग्नकार्यात ताक नसलं तर मी झीरो घेतो, तेही जेवणासोबत एकदाच, स्ट्रॉने. लगेच ब्रश मात्र करू नका. एनॅमल तेव्हा मऊ असतं, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.