जवस की हेम्पचं बी? चटणीपुरता हिशेब

जवसाची चटणी घरात असताना महागाचं हेम्पचं, म्हणजे भांगेच्या झाडाचं, बी कशाला आणायचं, हा प्रश्न रास्तच आहे. मी दोन्ही वापरतो. नुसत्या आकड्यांवर निकाल लावायचा तर पारडं जवसाकडे झुकतं. 100 ग्रॅम जवसात ओमेगा-3 साधारण 22 ग्रॅम, सोललेल्या हेम्पमध्ये 9 च्या आसपास. प्रथिनांत मात्र हेम्प 30 ग्रॅमपर्यंत जातं, जवस 18 वर थांबतं. भावाचं तर बोलायलाच नको.

नशेचं आधी मिटवू, कारण घरातली वडीलधारी मंडळी पहिलं तेच विचारतात. टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, तयार होतो तो मुख्यतः मादी फुलांवरच्या बारीक, चिकट ग्रंथींमध्ये. बी तो बनवत नाही. टरफलाला लागून आला तर तेवढाच अंश. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, 2021 मध्ये हेम्पच्या बियांना खाद्य म्हणून मान्यता दिली, तेव्हा टीएचसीला किलोमागे 5 मिलिग्रॅमची मर्यादा घातली. 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा, कायदाही शेंड्यांशिवायच्या नुसत्या बियांना गांजात धरत नाही. सीबीडी या भांगेतल्याच दुसऱ्या घटकाचं तेल हा वेगळा माल, तो इथे नको.

माझा निकाल लागला तो जवसाच्या बुळबुळीतपणावर. कोरडी चटणी, गरम भाकरी, वर कच्चं तेल, इथे जवसाला तोड नाही. पण मला चटणी दह्यात कालवून लागते. जवसाची पूड दह्यात पडली की जेवण अर्ध्यावर येईतो वाटीत तार सुटते. टरफलात म्युसिलेज नावाचा डिंकासारखा पदार्थ असतो, तो पाणी पिऊन फुगतो. जरा जास्त भाजून पाहिलं. तार किंचित कमी झाली, पण चटणी कडवट लागली. पोट साफ होण्यासाठी जवस खाणाऱ्यांना हाच गुण वाटेल, त्यांच्याशी माझं भांडण नाही. मात्र वाटी तशीच सरकवून ठेवली, तर त्यातलं ओमेगा-3 कोणाच्या पोटात जाणार?

हेम्पलाही खोड आहेच. अख्खं बी वाटलं की टरफल दातांत कचकचतं. त्यावर उत्तराखंडातल्या कुमाऊंत तोड आहे: बी भाजायचं, पाणी घालून वाटायचं आणि गाळून तो दुधासारखा रस गडेरीच्या, म्हणजे अळकुडीच्या, भाजीत घालायचा. कचकच गाळणीत राहते. जवसाची तार कशी गाळणार?

सोललेलं बी, म्हणजे हेम्प हार्ट्स, घेतलं तर गाळायची कटकट नाही. पण ते लवकर खवट होतं आणि मग जुन्या ऑइलपेंटसारखा वास मारतं. छोटं पाकीटच आणा, फ्रिजमध्ये ठेवा.

डब्यात भरून महिनाभर पुरवायची कोरडी चटणी करायची असेल तर खुशाल जवस घ्या. दह्यात किंवा रश्शात जाणार असेल, तर माझं ऐकून थोडं अख्खं हेम्प आणा. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, लसूण, हिरवी मिरची आणि पाण्याबरोबर वाटून गाळा, लिंबू पिळा. हेम्पच्या बियांचं तेल आणलंत तर तेवढं फोडणीला घेऊ नका, कच्चंच वरून सोडा.