१९६२ : पडदा की पुस्तक?

महूची छावणी शेजारीच, त्यामुळे इंदूरच्या मराठी घरांत फौजी गोष्टींना तोटा नाही. तरी '१२० बहादुर' (२०२५) पाहून आलेल्यांना मी मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचं 'न सांगण्याजोगी गोष्ट' हमखास सुचवतो. युद्ध एकच, १९६२चं भारत-चीन. सिनेमा लडाखमधली रेझांग ला ही खिंड सोडत नाही: मेजर शैतानसिंगांची १३ कुमाऊं या पलटणीतली तुकडी, हाडं गोठवणारी थंडी, संपत आलेली काडतुसं. ते अंगावर येणं पुस्तकाला जमणार नाही. (पार्श्वसंगीत जरा आवरलं असतं तर!) पण अपुऱ्या साधनांनिशी जवानांना तिथे कुणी आणि का उभं केलं, हा राग पुस्तकातच भेटतो. मला विचाराल तर आधी पुस्तक. फक्त सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, खायला निघण्यापूर्वी उघडू नका, भूक मरते.