निम्म्या किमतीतली गवते: न्यू जर्सीतील एका नर्सरीचा अनुभव

मध्य न्यू जर्सीत आमच्या घराजवळच्या एका नर्सरीत सप्टेंबर संपता संपता बहुवर्षायू फुलझाडे आणि शोभेची गवते निम्म्या किमतीत मिळू लागतात. गेली दोन वर्षे मी तेथे खरेदी करीत आहे. माझी तक्रार त्या एका दुकानापुरती नसल्यामुळे त्याचे नाव देत नाही.

फुलझाडांबाबत ही नर्सरी निःसंशय उत्तम आहे. सवलतीतले अ‍ॅस्टर, सीडम आणि कोनफ्लावर उन्हाळाभर कुंडीत राहून दमलेले, खालची पाने करपलेली अशा अवस्थेत दिसतात. परंतु या दिवसांत आपण पाने नव्हे, मुळे विकत घेत असतो. तेथील कर्मचारी कुंडीतून झाड काढून मुळे पाहू देतात, ही मला त्यांची सर्वांत मोठी सेवा वाटते. काही झाडांची मुळे कुंडीच्या आकारात वेटोळी झाली होती. ती सुरीने उभी चिरून दसऱ्याच्या सुमारास लावली आणि सर्व जगली, कारण हवा गार झाली तरी माती बरेच दिवस उबदार राहते आणि जमीन गोठण्यापूर्वी निदान सहा आठवडे मिळाले, तर झाड मुळे धरते.

गवतांच्या बाबतीत मात्र सल्ला अपुरा पडला. गवतांत थंड हंगामाची आणि उष्ण हंगामाची असे दोन प्रकार असतात, आणि हा भेद तेथे कोणत्याही पाटीवर नाही. जर्मन उद्यानतज्ज्ञ कार्ल फोर्स्टर यांचे नाव मिळालेले, अमेरिकेत 2001 साली 'वर्षातील बहुवर्षायू वनस्पती' ठरलेले गवत पहिल्या प्रकारातले. गारव्यातच त्याची वाढ होत असल्याने ऑक्टोबरमध्ये लावलेली रोपे पुढच्या जूनमध्ये ताठ तुऱ्यांनी माझ्या खांद्याला लागली. हाच मान 2022 साली मिळवणारे लिटल ब्लूस्टेम दुसऱ्या प्रकारातले. ते माती चांगली तापल्यावरच जोमाने मुळे टाकते. ऑक्टोबरच्या मध्यावर त्याची चार रोपे घेताना मी शंका विचारली, तेव्हा 'हे चिवट आहे, काही होत नाही' एवढेच उत्तर मिळाले. चिवटपणाचा दावा खोटा नाही, पण तो रुजलेल्या गवताचा. आमच्या भागातील तांबडी चिकण माती हिवाळ्यात पाणी धरून ठेवते, गोठताना फुगते, आणि कच्च्या मुळांचे गड्डे वर उचलले जातात. फेब्रुवारीत चारांपैकी तीन रोपे उघडी पडून कुजलेली सापडली. लाकडी भुशाचा दोन-तीन इंची थर मी उशिरा पसरला, ही चूक माझीच. सवलतीतली झाडे बदलून मिळत नाहीत, हे पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले होते.

आणखी एक बाब खटकली. विक्रीची गवते नीटनेटकी दिसावीत म्हणून वरून छाटलेली असतात, त्यामुळे तुरा कसा येतो हे कळत नाही. शिवाय वाळकी पाती हिवाळाभर राखून वसंतात कापावीत, हे नव्या ग्राहकाला कोणी सांगत नाही.

तरीही यंदा अ‍ॅस्टर आणि कार्ल फोर्स्टर मी तेथूनच घेणार आहे. ब्लूस्टेम मात्र मे महिन्यात, पूर्ण किंमत देऊन.