कुत्र्याचं जॅकेट, अख्खा हिवाळा वापरून झाल्यावर: ऊब पास, वेलक्रो नापास

सरळ मुद्द्यावर येते. जॅकेट ऊबदार आहे, माप बरोबर आलं, पाठीवरची मूठ झकास आहे आणि पोटाखालचा वेलक्रो म्हणजे निव्वळ डोकेदुखी. कापड, वजन, रंग सगळं विक्रीच्या पानावर आहेच, ते पुन्हा लिहीत बसत नाही. लिहायला बसले ते एवढ्याचसाठी, की कंपनीने काल माझी तक्रार पुन्हा एकदा 'निकाली' काढली. निकाल काय लागला ते त्यांनाच माहीत.

आमची चंपा गावठी, आखूड केसांची, वय आठ-नऊच्या आसपास. थंडीत मागचे सांधे धरतात, सकाळी उठताना कुरकुरते. पहाटे बाहेर न्यायचं असेल तर अंगावर काहीतरी घाला, असं डॉक्टर म्हणाले म्हणून ही खरेदी. नाहीतर धडधाकट गावठी कुत्र्याला नाशिकच्या थंडीत जॅकेट लागत नाही. म्हातारं, आजारी किंवा पिल्लू असेल तर घ्या. फोटोसाठी घेणार असाल तर पैसे जास्त झालेत.

आणि पहाटे न्यायचंच कशाला? तर हिचे सगळे सण हिवाळ्यात. ती आमच्या जिन्याखाली आली तो दिवस चंपाषष्ठीचा, म्हणून नाव चंपा, आणि वाढदिवसही तोच. आमच्या चिरंजीवांना तारखेचा वाढदिवस हवा असतो, टोपी घालून केकबिक. मी तिथीवर ठाम. खंडोबाच्या सोबतीला कुत्रा, त्या दिवशी कुत्र्याला घास काढायची रीत, याहून चांगला मुहूर्त कुठला मिळणार? शिवाय केकचा खर्च वाचतो, आणि चॉकलेट कुत्र्याला चालतच नाही.

२०२५ ची चंपाषष्ठी २६ नोव्हेंबरला होती. उजाडायच्या आत देवळाली कॅम्पच्या खंडोबा टेकडीवर गेलो. जॅकेट पहिल्यांदा घातलं ते तिथे, आणि त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते. वारा चांगलाच बोचत होता, पण ही खाली पायऱ्यांशी निवांत उभी. आम्ही आळीपाळीने वर जाऊन दर्शन घेतलं. हिच्या कपाळाला भंडारा लावताना थोडा जॅकेटच्या गळ्यावर सांडला, तो डाग अजून आहे. हळदच ती, जाणार कुठे! फिकट राखाडी रंग घेऊ नका, एवढंच सांगते. घरी आल्यावर नैवेद्याचा रोडगा तिला दिला, भरीत नाही. भरतात कांदा-लसूण असतो आणि दोन्हींनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. देवाच्या नावाने घास काढणाऱ्यांनी तेवढा कोरडा काढावा.

४ डिसेंबरला दत्तजयंती. दत्तापुढची चार कुत्री म्हणजे चार वेद, तेव्हा आमच्या पाचवीलाही गोदाघाटावर नेलं, एकमुखी दत्ताच्या बाजूला. अंधारात जॅकेटची चमकती पट्टी गाडीच्या दिव्यात लांबून दिसते, हे तेव्हा कळलं. इथपर्यंत सगळं छान.

मग कुसळं.

पावसाळ्यात वाढलेलं गवत डिसेंबरपर्यंत वाळून खडंग होतं. गंगापूर धरणाच्या बाजूला जा, पांडवलेणीच्या पायथ्याला जा, सगळीकडे कुसळी गवत आणि आघाडा. जॅकेटच्या आत मऊ लोकरीसारखं अस्तर आणि पोटाखाली हातभर रुंद वेलक्रो. चंपा गवतातून एकदा आरपार गेली की वेलक्रोत आधी आघाड्याचं बी बसतं, त्यावर कुसळं, त्यावर तिचेच केस. असा थर जमला की वेलक्रो धरत नाही. चालता चालता एक बाजू सुटते आणि जॅकेट पोटाखाली लोंबायला लागतं, त्यात तिचा पाय अडकतो. मी गॅलरीत बसून जुना टूथब्रश आणि सेफ्टी पिन घेऊन एकेक काढत असे. टूथब्रशने वरवरचं निघतं. आकड्यांच्या मुळाशी बसलेलं पिनेनेच उकरावं लागतं, आणि पिन जोरात लावली की आकडाच तुटतो. म्हणजे जितका साफ कराल तितका निकामी.

कुसळ नुसतं चिकटत नाही, हे शहरातल्यांना सांगायला हवं. टोक सुईसारखं, आणि मागची शेपटी सुकली की पीळ घेते, ओल लागली की सोडते. दवाने भिजलं आणि उन्हाने वाळलं की स्वतःच स्वतःला आत ठोकत जातं. अस्तरात राहिलेलं असंच एक चंपाच्या काखेत घुसलं. बाहेरून दिसेना, हात लावला की ती चावायला यायची. डॉक्टरांनी चिमट्याने काढलं. त्यांची फी आणि मलम धरलं तर जॅकेटच्या किमतीत चांगलीच भर पडली, आणि ती भर कंपनीच्या पानावर लिहिलेली नसते.

गंमत म्हणजे वेलक्रो निघालाच मुळी यातून. १९४१ साली जॉर्ज द मेस्त्राल नावाचा स्विस इंजिनिअर कुत्र्याला घेऊन फिरायला गेला आणि अंगाला काटेरी बिया चिकटून परतला, त्याच्याही आणि कुत्र्याच्याही. त्याने त्या सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या, आकडे पाहिले, आणि १९५५ मध्ये पेटंट घेतलं. ज्या वस्तूने कुत्र्याच्या अंगावरची कुसळं बघून जन्म घेतला, तीच पुन्हा कुत्र्याच्या पोटाला बांधायची आणि वर म्हणायचं 'आउटडोअरसाठी खास'!

आणखी एक. इथली थंडी कोरडी. लोकरी अस्तर अंगावरून काढताना चट्चट् ठिणग्या उडतात, त्यात वेलक्रोचा चर्रर्र आवाज. चंपा जॅकेट बघितलं की पलंगाखाली जायला लागली.

तक्रार केली. आधी यंत्राशी गप्पा, मग माणसाने विचारलं, 'कुत्र्याने घातलेलं असतानाचा व्हिडिओ पाठवा.' पाठवला. उत्तर आलं की वॉरंटी शिलाईची आहे, वेलक्रो ही वापराने झिजणारी वस्तू आहे. मी म्हटलं, अहो, वेलक्रो शिवलेलाच आहे ना? त्यावर पुढच्या खरेदीत दहा टक्के सूट. म्हणजे पुन्हा तोच वेलक्रो मी दहा टक्के कमी देऊन घ्यायचा. फोनवर बसून जेवढा वेळ घालवला तेवढ्यात चार किलो गहू निवडून झाले असते.

शेवटी शालिमारजवळ बॅगा दुरुस्त करणारे एक दादा आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी जॅकेट उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "ताई, हे कुणी डोकं लावलंय? कुत्रं काय पाकीट आहे का?" वेलक्रो उसवून फेकला, सॅकला असतात तसे दोन पट्टे आणि क्लिपा लावल्या, अस्तराच्या पोटाकडच्या भागावर जुन्या छत्रीचं कापड शिवलं. छत्रीच्या कापडाला कुसळ धरत नाही, झटकलं की पडतं. शंभर रुपये घेतले आणि वर चंपाला पारले बिस्किट दिलं. त्या दिवसापासून ती पलंगाखाली जात नाही.

इथे माझं मत थोडं बदलतं. ३१ डिसेंबरला निफाडकडे मावसबहिणीच्या मळ्यात मुक्कामाला गेलो. निफाडची थंडी वेगळी सांगायला नको, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा दर हिवाळ्यात बातम्यांत असतो. पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवलेल्या, धुरात सगळी बाग. पारा फार उतरला की मण्यांची फुगवण थांबते, तडे जातात, म्हणून ही जागरणं. त्या गारठ्यात चंपा रात्रभर शांत झोपली आणि सकाळी न कुरकुरता उठली. हे श्रेय जॅकेटचंच. दाजी मात्र हसून म्हणाले, "हिला कोट, आणि आमच्या टिप्याला?" टिप्या विझत आलेल्या शेकोटीच्या कोमट राखेत मुटकुळं करून पडला होता, खर्च शून्य.

मळ्यात नेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, जॅकेटशी संबंध नसला तरी. द्राक्षं कुत्र्याला विष आहेत, मनुका-बेदाणेसुद्धा. किती खाल्ली की मूत्रपिंड निकामी होतं याचा नेम नाही, आणि कारण टार्टारिक आम्ल असावं असं आता मानतात. चिंचेतही तेच असतं. खाली पडलेले मणी ही मंडळी शेंगदाण्यासारखी वेचतात, त्यामुळे बागेत साखळी हातातून सोडू नका. दुसरं, ऊसतोड सुरू असते तेव्हा बिबट्या उसाबाहेर पडतो, आणि कुत्रं त्याला आयतंच सापडतं. उजाडल्याशिवाय आणि दिवस मावळल्यावर उसाच्या कडेने नेऊ नका. चमकती पट्टी गाड्यांसाठी असते, बिबट्यासाठी नाही.

आता मूठ. पाठीवर शिवलेली जाड पट्ट्याची मूठ मला आधी दिखाऊ वाटली होती. पण सांधे धरलेल्या कुत्रीला गाडीत चढवताना, सोमेश्वरच्या पायऱ्यांवर तिचा मागचा पाय घसरला तेव्हा, या मुठीने काम केलं. एक हात मुठीत, दुसरा मागच्या मांड्यांखाली, आणि ती स्वतः चढल्याच्या थाटात चढते. माझी कंबर वाचली. फक्त नुसत्या मुठीने उचलू नका, सगळा भार छातीवर येतो.

संक्रांतीला जॅकेट काढून ठेवलं आणि चंपालाही घरातच. बंदी असूनही नायलॉन मांजा झाडाझाडाला लटकतो, तो पायात गुंतला तर जॅकेट काय करणार? गच्चीवर न जाता तिने तीळ लावलेली बाजरीची भाकरी खाल्ली, बिनगुळाची.

तर तारे तीन. ऊबेला एक, मुठीला दोन. वेलक्रोला शून्य, आणि ग्राहकसेवेला उणे द्यायची सोय नाही. घ्यायचंच असेल तर क्लिपांचं आणि आत गुळगुळीत अस्तर असलेलं बघा, रंग गडद घ्या आणि मार्चनंतर घ्या, तेव्हा मागणी नसते. २०२६ मध्ये अधिक महिना असल्यामुळे चंपाषष्ठी डिसेंबरच्या मध्यावर जाते, म्हणजे टेकडीवर गारठा जास्तच असणार. तोवर हे टिकलं तर ठीक. नाहीतर यांचा जुना स्वेटर आणि उरलेली छत्री घेऊन शालिमारला जाईन. चंपाचं माप दादांनी वहीत लिहून ठेवलंय.