सॉलिड टॉप सांगून प्लायची गिटार गळ्यात मारली, १४,५०० गेले. सेकंडहँड घेणाऱ्यांनी वाचाच

आकडा आधीच सांगून टाकतो, १४,५०० रुपये. त्यातले २,००० यूपीआयने टोकन म्हणून आणि १२,५०० रोख. हातात आली यामाहाची एफ३१०, जी दुकानातून नवी कोरी घेतली असती तरी यापेक्षा कमीत आली असती. जुन्या वस्तूंच्या ॲपवरून मला विकली ती एफजी८०० म्हणून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एफजी८०० ची वरची फळी अख्ख्या स्प्रूस लाकडाची असते, म्हणजे सॉलिड टॉप, आणि एफ३१० ची थर चिकटवलेल्या प्लायची, आवाजात आणि किमतीत जो फरक पडतो तो मुख्यतः त्याचाच. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात आणि हे लोक जगतात त्याच्यावरच.

आणि मी काही नवशिका नाही हो. आमच्या सोसायटीत कोणाच्या पोराला गिटार घ्यायची असली की मलाच विचारतात, आता तोंड कुठे लपवू ते सांगा.

विकणाऱ्याची स्टोरी नेहमीचीच. बंगलोरला ट्रान्सफर, सामान कमी करायचंय, बिल सांगलीला आईकडे राहिलंय, आणि "सहा वाजता अजून एकजण बघायला येतोय दादा, तुम्ही आधी बोललात म्हणून तुमच्यासाठी थांबलोय". भेटायला बोलावलं मुलुंडला, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, घरात नाही, कारण म्हणे घरी पाहुणे. अर्धवट उजेड, बाहेर धो धो पाऊस, आणि हा पठ्ठ्या गिटार हातातून सोडेचना, सुंदर फिंगरपिकिंग वाजवत बसला. तारा नव्या कोऱ्या. नव्या तारांवर कुठलाही डबा चार दिवस खणखणीत वाजतो, हे मीच लोकांना सांगत असतो. जुनी गिटार विकणारा नव्या तारा टाकून आला तर आधी संशय घ्या.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून झोप उडते. सॉलिड टॉप ओळखायची साधी खूण म्हणजे साउंडहोलची, म्हणजे मधल्या गोल भोकाची, कड बघायची. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरलेल्या दिसल्या तर अख्खं लाकूड, आडवे थर दिसले तर प्लाय. मी बघितलं! मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं! कड काळी होती. बऱ्याच गिटारींना कडेला काळा रंग असतोच, त्यामुळे त्यात वावगं काही वाटलं नाही, पण मी बोट फिरवलं तर बोटाला काळं लागलं. कंपनीचा रंग बोटाला लागतो का कधी? तो लगेच म्हणाला, "धूळ आहे दादा, वर्षभर बॅगेत पडून होती", आणि मी बोट पँटला पुसलं. तिथून उलट पावली स्टेशन गाठायचं होतं. पण समोरचा इतकं छान वाजवतोय, दादा दादा करतोय, वर बॅग आणि कापो (पट्टी बदलायचा चिमटा) फुकट देतोय, अशा माणसाला कुठल्या तोंडाने म्हणणार की तू मार्करने कड रंगवलीयेस? तुम्ही म्हणाला असता का, खरं सांगा.

डोंबिवलीला आणली, ॲक्शन, म्हणजे तारांची मानेपासूनची उंची, जरा जास्त वाटली म्हणून सेटअपला रिपेअरवाल्याकडे टाकली. त्याने स्टीलची टेप काढून नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) लावली, हे अंतर स्केलच्या, म्हणजे तारेच्या वाजत्या लांबीच्या, निम्मं असतं. ३१७ मिलिमीटर. एफजी८०० ची स्केल ६५० असते, म्हणजे तिथे ३२५ यायला हवे होते. ६३४ ची स्केल एफ३१० ची. मग त्याने थिनरचा बोळा कडेवर फिरवला आणि खालून थर आले वर. आतलं लेबल नखाने उचललं तर साध्या कागदावर छापून डिंकाने चिकटवलेलं. या ज्ञानाचे ३५० रुपये वेगळे. टेप घेऊन जा रे बाबांनो, लाज वाटू देऊ नका, लेबल छापून मिळतं, फ्रेट सरकवता येत नाहीत.

त्याचा नंबर अर्थातच बंद.

पुढचा तमाशा ऐका. डोंबिवलीच्या पोलीस स्टेशनात गेलो तर म्हणे मुलुंड मुंबई पोलिसांकडे येतं, आम्ही ठाणे पोलीस, तिकडे जा. मुलुंडला गेलो तर "पैसे डोंबिवलीतून पाठवलेत ना, मग तिकडेच करा". मी म्हटलं, साहेब, जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात हद्द कुठलीही असली तरी तक्रार घ्यावी लागते, बीएनएसएस (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला) कलम १७३, फसवणुकीला बीएनएस (जुन्या आयपीसीच्या जागी) ३१८ आहे. तर साहेब म्हणाले, "वकील आहात का?" आणि मग, वस्तू मिळाली ना, पैसे दिले ना, हा सिव्हिल मॅटर झाला. शेवटी एक साधा अर्ज घेतला, त्याच्यावर शिक्का द्यायलाही मला हुज्जत घालायला लागली. पोच घेतल्याशिवाय उठू नका, उद्या विचारलं तर "असा अर्जच नाही" म्हणतात. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तर त्यांना ऑनलाइन गेलेल्या पैशांशीच मतलब, म्हणजे २,००० शी, आणि त्यातही मी स्वतः पाठवले, वस्तू घेतली, मग फ्रॉड कसला असा त्यांचा सूर. रोख १२,५०० चं नावच काढू नका. १९१५ ला ग्राहक हेल्पलाइन, तर विकणारा दुकानदार नाही, खाजगी माणूस आहे, तुम्ही ग्राहकच नाही. ॲपवाले तर "आम्ही फक्त प्लॅटफॉर्म आहोत" हे एकच वाक्य पाठ करून बसलेत. मग मी कोण आहे नक्की? पैसे गेलेला माणूस कुठल्या खात्यात बसतो ते तरी सांगा.

रोख देऊ नका. द्यायचीच तर त्याच्याकडून मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून सही घ्या, चोर असेल तर तिथेच चुळबुळ सुरू होईल. आणि घरात बोलावत नसेल तर जाऊच नका.

परवा त्याच ॲपवर दुसऱ्या नावाने एक एफजी८०० दिसली. लेबलचा फोटो मोठा करून बघितला तर सिरियल नंबर माझ्या गिटारवरचाच, एक आकडा इकडचा तिकडे नाही, म्हणजे एकच कागद छापून सगळ्यांवर चिकटवतोय. स्क्रीनशॉट घेऊन पुन्हा पोलिसांकडे गेलो, तर अर्जाला जोडा म्हणाले. जोडला. जाहिरात मी रिपोर्टही केलीये. हे लिहितोय तेव्हाही ती चालू आहे, ठिकाण ऐरोली, किंमत १५,०००, "ट्रान्सफरमुळे अर्जंट".