धुक्यातलं रान तैलरंगात: एका बैठकीत की थरावर थर?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात जांबोटीहून कणकुंबीकडे जाताना थंडीतल्या सकाळी जे रान दिसतं, ते तैलरंगात उतरवायला शिकायचं म्हटलं की दोन वाटा समोर येतात. ओल्यावर ओला रंग घालून एका बैठकीत चित्र संपवायचं, नाहीतर घरी बसून एकेक थर वाळवत पुढं न्यायचं.

गणित दोन्हीकडे एकच. दूरचं झाड फिकट, निळसर, कडा हरवलेलं. जवळचं गडद आणि ठसठशीत. प्रश्न आहे तो कडा कशा हरवायच्या, हा.

ओल्या पद्धतीत त्या जवळजवळ फुकट मिळतात. टिटॅनियम व्हाइटमध्ये (पांढरा) किंचित अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घालून आकाशाचा करडा करा. तोच करडा जरा गडद करून झाडांची मागची रांग ठेवा. मग कोरडा, स्वच्छ ब्रश सीमेवरून अलगद फिरवा, एकदाच. शेंडे विरून जातात. तोच ब्रश पुन:पुन्हा घासलात की चिखल झालाच म्हणून समजा. पुढची गडद खोडं मात्र छळतात, कारण खालचा पांढरा ब्रशला लागतो आणि काळपट खोड राखाडी होतं. उपाय एवढाच: रंग जाड घ्या, हात हलका ठेवा, दर फटक्याला ब्रश पुसा.

थरांच्या पद्धतीत आधी रॉ अंबर (मातकट तपकिरी) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सावल्या मांडतात. अंबर लवकर वाळतो. तो वाळला की पांढरट रंगाचा विरळ थर वरून ओढायचा, म्हणजे धुकं खरोखरच झाडांच्या अंगावर बसतं. ही खोली एका बैठकीत सहसा साधत नाही. फक्त वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा जास्त हवं. उलटं झालं तर पुढं तडे जातात.

आता आपल्याकडची हवा. तैलरंगातलं जवसाचं तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. खानापूर भागात आषाढ-श्रावणात ते रेंगाळतं, शिवाय कॅनव्हासला बुरशीची भीती. म्हणून थरांचं काम दिवाळी ते शिमगा या दिवसांत करावं. फक्त रविवार मोकळा असणाऱ्यांना ते सोयीचंही पडतं. पातळ थर बहुधा पुढच्या रविवारपर्यंत हाताला लागेनासा होतो.

बाहेर बसायचं तर धुकं तुमच्यासाठी थांबत नाही. बोर्ड आठ बाय दहा इंचांचाच घ्या. भीमगड अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी लागते. रस्त्याकडेचं रान शिकायला पुरेसं आहे. हिरव्या ट्यूबवर पैसे घालवू नका, यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि अल्ट्रामरीनमधून रानाचा मळकट हिरवा निघतो.

घरी मोबाइलमधल्या फोटोवरून काम करणाऱ्यांना वेगळा त्रास: फोटोत सावल्या नुसत्या काळ्या येतात, धुक्यात त्या तशा नसतात. आणि तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप पेटू शकतो. त्या पसरून वाळवा.

माझा कौल नवशिक्यासाठी ओल्या पद्धतीला. चूक झाली तर पॅलेट नाइफनं (रंगाच्या बोथट सुरीनं) खरवडून तिथंच पुन्हा सुरू करता येतं. पण पोरं झोपल्यावर रात्री तासभरच हाताशी असेल, तर सरळ थरांकडे वळा.